सरकारी रुग्णालय खासगी हाती: करारात काय लिहिलेले असते, रुग्णाला काय मिळते?

जमीन शासनाची, इमारत शासनाची आणि दारावरचा फलकही शासनाचा. मात्र आत रुग्णांची देखभाल करणारे डॉक्टर, परिचारिका आणि व्यवस्थापक खासगी संस्थेचे, अशी व्यवस्था गेल्या अडीच दशकांत देशातील अनेक राज्यांत आकाराला आली आहे. कोठे केवळ डायलिसिस केंद्र खासगी कंपनीकडे आहे, कोठे प्राथमिक आरोग्य केंद्र स्वयंसेवी संस्थेकडे आहे, तर कोठे संपूर्ण रुग्णालयच खासगी समूहाकडे चालविण्यास देण्यात आले आहे.

या व्यवस्थेचे समर्थक तज्ज्ञ डॉक्टर, आधुनिक यंत्रसामग्री आणि शिस्तबद्ध कारभार यांकडे लक्ष वेधतात. विरोधकांच्या मते नफा हे उद्दिष्ट असलेल्या संस्थेच्या हाती गरिबांचे आरोग्य सोपविणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि देश-विदेशातील अनुभव पाहता, रुग्णाच्या पदरात काय पडते हे चालक सरकारी आहे की खासगी एवढ्यावरच ठरत नाही. दोन पक्षांतील करारात काय लिहिले आहे आणि त्याच्या अंमलबजावणीवर कोण लक्ष ठेवते, यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय सहाव्या क्रमांकावर आहेत. त्यामुळे सरकारी रुग्णालये चालविणे हे मुख्यतः राज्यांचे काम ठरते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक असल्याचे अनुच्छेद ४७ मध्ये नमूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. रेल्वेतून पडून गंभीर जखमी झालेल्या एका शेतमजुराला कोलकाता परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट अथवा उपचाराची सोय नसल्याचे सांगून परत पाठविले होते. अखेर त्याला खासगी रुग्णालयात स्वखर्चाने उपचार घ्यावे लागले. आपत्कालीन उपचार वेळेवर न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आर्थिक चणचणीचे कारण पुढे करून राज्याला ही घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही, असेही या निकालात स्पष्ट करण्यात आले.

या निकालाचा अर्थ आउटसोर्सिंगच्या चर्चेत महत्त्वाचा आहे. रुग्णालय चालविण्याचे काम शासन दुसऱ्याकडे सोपवू शकते. रुग्णाला उपचार मिळतील याची हमी मात्र शासनाकडेच राहते.

आउटसोर्सिंगचे प्रकार

'सार्वजनिक-खासगी भागीदारी' या एकाच नावाखाली परस्परांहून भिन्न असे अनेक व्यवहार येतात. ते वेगळे करून पाहिल्याशिवाय कोणत्याही एका प्रस्तावाचा अर्थ लागत नाही.

पहिला प्रकार पूरक सेवांचा. साफसफाई, सुरक्षा, कपड्यांची धुलाई, रुग्णांचे जेवण ही कामे कंत्राटाने दिली जातात. उपचाराचे निर्णय रुग्णालयाकडेच राहतात.

दुसरा प्रकार विशिष्ट वैद्यकीय सेवेचा. सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या किंवा डायलिसिस यांचे केंद्र रुग्णालयाच्या आवारात खासगी संस्था चालविते. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम याच पद्धतीवर आखण्यात आला. जागा, वीज आणि पाणी रुग्णालयाचे. यंत्रे आणि कर्मचारी चालकाचे. आणि गरीब रुग्णांच्या उपचाराचे पैसे शासनाकडून, अशी त्याची रचना आहे. हैदराबाद येथे ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेली आणि पुढे अनेक राज्यांत पोहोचलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही याच वर्गात मोडते.

तिसरा प्रकार व्यवस्थापन कराराचा. यात तयार रुग्णालय ठरावीक वर्षांसाठी खासगी चालकाकडे सोपविले जाते. चौथ्या प्रकारात चालक स्वतः गुंतवणूक करून बांधकाम किंवा विस्तार करतो आणि दीर्घ मुदतीत, अनेकदा ३० किंवा ६० वर्षांत, ती वसूल करतो.

पाचव्या प्रकारात शासन सवलतीच्या दराने जमीन देते आणि त्या बदल्यात काही खाटा गरिबांसाठी विनामूल्य ठेवण्याची अट घालते. सहावा प्रकार सेवा विकत घेण्याचा. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना किंवा महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांत शासन सूचीबद्ध रुग्णालयांना ठरलेल्या दराने उपचाराचे पैसे देते.

शासन या मार्गाकडे का वळते?

यामागे तीन प्रमुख कारणे सांगितली जातात. पहिले कारण पैशांचे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ या वर्षी देशातील शासकीय आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हा खर्च २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. तरीही आजारपणामुळे कर्ज काढणाऱ्या कुटुंबांसाठी हा भार मोठाच आहे.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. इमारत आणि यंत्रे आहेत, पण ती चालविणारा तज्ज्ञ नाही, ही तक्रार ग्रामीण आणि आदिवासी भागांत नेहमीची आहे. हृदयरोग, मूत्रपिंड किंवा कर्करोग यांचे तज्ज्ञ शासकीय वेतनश्रेणीत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे कठीण जाते. खासगी चालकाला वेतन ठरविण्याची आणि नेमणुका करण्याची अधिक मोकळीक असते.

तिसरे कारण असे की, रुग्ण आधीच मोठ्या संख्येने खासगी क्षेत्राकडे गेलेले आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार, २०१७-१८ मध्ये बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के खासगी आणि सुमारे ४२ टक्के सरकारी रुग्णालयांत होते. एका वेळच्या दाखल उपचाराचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये, तर खासगीत सुमारे ३१,८५० रुपये होता.

सात पटींचा हा फरकच या विषयाचा गाभा आहे. सरकारी रुग्णालय हा ज्यांच्यासाठी शेवटचा आसरा आहे, त्यांच्यासाठी ते कोण चालवितो यापेक्षा तेथे पैसे भरावे लागतील का, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो.

कर्नाटकातील दोन प्रयोग

कर्नाटकात या व्यवस्थेची दोन भिन्न रूपे पाहावयास मिळाली. चामराजनगर जिल्ह्यातील गुंबळ्ळी येथील प्राथमिक आरोग्य केंद्र १९९६ साली करुणा ट्रस्ट या स्वयंसेवी संस्थेकडे सोपविण्यात आले. डॉ. एच. सुदर्शन यांनी स्थापन केलेली ही संस्था या भागात आधीपासून कुष्ठरोग निर्मूलन आणि आदिवासी आरोग्याचे काम करीत होती. बहुतांश खर्च शासनाचा, उपचार विनामूल्य आणि कर्मचाऱ्यांनी केंद्राच्या आवारातच राहावे, असा संस्थेचा आग्रह, अशी तेथील पद्धत होती. पुढे कर्नाटकातील इतर जिल्ह्यांत आणि अरुणाचल प्रदेशातही संस्थेकडे केंद्रे देण्यात आली.

दुसरा प्रयोग रायचूरचा. तेल निर्यातदार देशांच्या निधीच्या साहाय्याने राज्य शासनाने तेथे राजीव गांधी अतिविशेषोपचार रुग्णालय उभारले आणि या शतकाच्या प्रारंभी ते चालविण्यासाठी अपोलो समूहाशी करार केला. जमीन, इमारत आणि पायाभूत सुविधा शासनाच्या होत्या. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांवर विनामूल्य उपचारांची तरतूद करण्यात आली होती आणि सुरुवातीच्या वर्षांतील तोटा शासन भरून देणार होते. सुमारे दहा वर्षांनी हा करार संपला आणि रुग्णालय पुन्हा शासकीय व्यवस्थापनाखाली आले.

दोन्ही ठिकाणी काम शासनाने बाहेर सोपविले, पण व्यवहाराचे स्वरूप निराळे होते. गुंबळ्ळीत कोणत्याही रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नव्हते, त्यामुळे रुग्णांची वर्गवारी करण्याचे कारण नव्हते. रायचूरमध्ये पैसे देणारा आणि न देणारा असे दोन प्रकारचे रुग्ण एकाच छताखाली होते. अशा रुग्णालयात विनामूल्य खाटेवर कोण पोहोचतो, हे दारिद्र्यरेषेचे कार्ड कोणाकडे आहे, ते कोण तपासते आणि खाट रिकामी आहे की नाही हे कोण सांगते, यावर ठरते.

'विनामूल्य' म्हणजे काय? दिल्लीतील खटला

करारातील एका शब्दाचा अर्थ किती महाग पडू शकतो, हे दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाच्या प्रकरणातून दिसते. दिल्ली प्रशासन आणि अपोलो समूह यांच्यात १९८८ साली संयुक्त प्रकल्पाचा करार झाला. प्रशासनाने सरिता विहार येथील सुमारे १५ एकर जमीन महिना एक रुपया या नाममात्र भाड्याने दिली आणि २६ टक्के भागभांडवलही घेतले. त्या बदल्यात एकूण खाटांपैकी एक तृतीयांश खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील ४० टक्के रुग्ण यांना विनामूल्य सेवा देण्याची अट होती.

रुग्णालय १९९६ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वकिलांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. गरीब रुग्णांना अटीप्रमाणे उपचार मिळत नाहीत, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. वादाचा कळीचा मुद्दा असा होता की, विनामूल्य सेवेत औषधे आणि शस्त्रक्रियेत वापरले जाणारे साहित्य येते की नाही. खाट, जेवण आणि डॉक्टरांचे शुल्क माफ असले, तरी हृदयशस्त्रक्रियेतील स्टेंट किंवा झडपेचे पैसे भरावे लागले, तर गरीब रुग्णासाठी ती खाट असून नसल्यासारखी असते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००९ रोजी निकाल देताना २०० खाटांवर औषधे आणि साहित्यासह उपचार विनामूल्य द्यावेत, असा आदेश दिला. रुग्णालयाने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२५ मध्येही हे प्रकरण तेथे सुनावणीस होते. गरिबांना विनामूल्य उपचार मिळत नसतील, तर रुग्णालय अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सोपविण्याचा विचार करावा लागेल, असा इशारा त्या वेळी न्यायालयाने दिला आणि केंद्र व दिल्ली सरकारच्या संयुक्त पथकाकडून तपासणी करण्यास सांगितले.

दरम्यान, सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या दिल्लीतील इतर खासगी रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये आंतररुग्ण विभागात १० टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के सेवा गरिबांना विनामूल्य देण्याचे बंधन घातले. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन कायम ठेवले.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी याच धर्तीची तरतूद आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ 'कक' अन्वये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार रुग्णांकडून येणाऱ्या देयकांचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात.

पैसे देण्याची पद्धत आणि तिचे परिणाम

चालकाला पैसे कशाच्या आधारे मिळतात, यावरून त्याचे वर्तन ठरत जाते. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील, तर शस्त्रक्रिया वाढण्याची शक्यता असते. ठोक रक्कम मिळत असेल, तर खर्चिक रुग्ण टाळण्याकडे कल होऊ शकतो. करार आखणाऱ्यांपुढे या दोन्हींत तोल साधण्याचे आव्हान असते.

गुजरात शासनाने २००५-०६ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू केलेली चिरंजीवी योजना हे त्याचे एक उदाहरण. गरीब महिलांची बाळंतपणे खासगी प्रसूतिगृहात विनामूल्य व्हावीत, हा योजनेचा हेतू होता. डॉक्टरांना १०० बाळंतपणांसाठी एक ठरावीक एकत्रित रक्कम देण्यात येई. त्यात नैसर्गिक आणि शस्त्रक्रियेने होणारी अशी दोन्ही प्रकारची बाळंतपणे धरलेली असल्याने अनावश्यक शस्त्रक्रिया करण्याचा मोह राहत नसे. योजनेचे प्रारंभी मोठे कौतुक झाले. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, योजनेमुळे रुग्णालयातील बाळंतपणांच्या प्रमाणात किंवा मातांच्या आरोग्यात लक्षणीय बदल झाल्याचे आढळले नाही. त्या काळात रुग्णालयातील बाळंतपणे एकंदरीतच वाढत होती. त्यातील किती वाढ योजनेची, हे तपासल्यावर चित्र बदलले.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांताने वेगळी पद्धत अवलंबली. अल्झिरा येथील ला रिबेरा रुग्णालय १९९९ साली खासगी चालकाकडे देण्यात आले आणि परिसरातील प्रत्येक रहिवाशामागे दरवर्षी ठरलेली रक्कम देण्याचे ठरले. पहिला करार आर्थिकदृष्ट्या टिकला नाही. २००३ साली प्राथमिक आरोग्य सेवाही त्यात समाविष्ट करून नवा करार करण्यात आला. रहिवाशाने दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेतल्यास त्याचा खर्च चालकाने द्यावयाचा होता, तसेच नफ्यावर ७.५ टक्क्यांची मर्यादा होती. माणूस आजारी न पडण्यातच चालकाचा लाभ असावा, ही त्यामागची कल्पना. हा नमुना जगभर अभ्यासला गेला. मात्र १ एप्रिल २०१८ रोजी, कराराची मुदत संपताच, प्रांतिक सरकारने तो पुढे न वाढविता रुग्णालय स्वतःकडे घेतले.

लेसोथोचा अनुभव: उपचार सुधारले, तिजोरीवर भार

आफ्रिकेतील लेसोथो या लहान व गरीब देशाने राजधानी मासेरू येथील जीर्ण सरकारी रुग्णालयाच्या जागी नवे रुग्णालय उभारण्यासाठी २००८ साली १८ वर्षांचा करार केला. दक्षिण आफ्रिकेतील नेटकेअर या रुग्णालय कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाकडे बांधकाम आणि व्यवस्थापन देण्यात आले. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ या व्यवहारात सरकारचे सल्लागार होते. ऑक्टोबर २०११ मध्ये क्वीन मामोहातो स्मृती रुग्णालय सुरू झाले.

उपचारांचा दर्जा सुधारला, याबद्दल फारसा वाद नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जुन्या रुग्णालयाच्या तुलनेत नव्या व्यवस्थेत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. अडचण निर्माण झाली ती खर्चाची. करारात वर्षाला २०,००० आंतररुग्ण आणि ३,१०,००० बाह्यरुग्ण यांची मर्यादा होती. त्यावरील रुग्णांसाठी सरकारला जादा रक्कम द्यावी लागे. चांगल्या रुग्णालयाकडे रुग्णांचा ओघ वाढला आणि देयकेही वाढत गेली. देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग या एकाच रुग्णालयावर खर्च होत असल्याचा दावा ऑक्सफॅम या संस्थेने २०१४ साली केला. जागतिक बँक समूहाने हा हिशेब मान्य केला नाही. पुढे देयकांवरून वाद चिघळले, परिचारिकांचा संप झाला आणि २०२१ साली करार मुदतीपूर्वीच संपुष्टात आला.

जोखीम कोणाची?

खासगी चालक आर्थिक जोखीम स्वतःवर घेतो, असे या करारांच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. इंग्लंडमधील हिंचिंगब्रुक रुग्णालयाच्या प्रकरणाने या मुद्द्याची मर्यादा दाखविली. कर्जबाजारी झालेले हे सरकारी रुग्णालय फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्कल या कंपनीकडे दहा वर्षांसाठी चालविण्यास देण्यात आले. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील संपूर्ण रुग्णालयाचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. दहा वर्षांत सुमारे ३१.१ कोटी पौंडांची बचत होईल, असा अंदाज मांडण्यात आला होता.

परंतु कंपनीने रुग्णालयाला द्यावयाचे साहाय्य ५० लाख पौंडांपलीकडे गेल्यास तिला बाहेर पडण्याची मुभा करारातच होती. आपत्कालीन विभागावरील ताण वाढला, तोटा वाढला आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने माघार घेत असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास तपासणी यंत्रणेने रुग्णालयाला 'अपुरे' असा शेरा दिला. तो कंपनीला मान्य नव्हता. कंपनी गेली, पण रुग्णालय बंद करणे शक्य नव्हते. ते पुन्हा सरकारच्या हाती आले.

मुंबईतही याची प्रचिती आली. अंधेरी पूर्वेतील मरोळ येथे महापालिकेच्या जमिनीवर खासगी कंपनीने सेव्हन हिल्स रुग्णालय उभारले. २० टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्याची अट होती. खाटांवरून आणि थकबाकीवरून वाद होत राहिले आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२० मध्ये करोनाची साथ आल्यावर महापालिकेने हीच वास्तू ताब्यात घेऊन तेथे मोठे करोना रुग्णालय चालविले.

१०८ रुग्णवाहिका सेवेचा अनुभव याच्या उलट आहे. ही सेवा सुरू करणारे सत्यम समूहाचे प्रवर्तक जानेवारी २००९ मध्ये उघड झालेल्या हिशेब घोटाळ्यात अडकले. तरीही रुग्णवाहिका धावत राहिल्या. सेवेचा बहुतांश खर्च तोवर राज्य शासने उचलत होती आणि चालक संस्थेची धुरा दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतली.

जिल्हा रुग्णालये आणि निती आयोगाचे आराखडे

हा विषय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचला तो निती आयोगाच्या दोन आराखड्यांमुळे. २०१७ साली आयोगाने जागतिक बँकेच्या तांत्रिक साहाय्याने एक आदर्श करार तयार केला. हृदय, फुप्फुस आणि कर्करोगावरील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील जागा ३० वर्षांसाठी खासगी चालकाला देण्याची तरतूद त्यात होती. शासकीय योजनांचे लाभार्थी तेथे उपचार घेऊ शकतील. मात्र विनामूल्य खाटांचा राखीव कोटा नसेल, असे त्याचे स्वरूप होते.

जानेवारी २०२० मध्ये आयोगाने दुसरा मसुदा राज्यांपुढे ठेवला. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जिल्हा रुग्णालये जोडावीत, किमान ७५० खाटांचे रुग्णालय चालकाने चालवावे आणि कराराची मुदत ६० वर्षे असावी, असा प्रस्ताव होता. निम्म्या खाटा 'नियंत्रित' दराच्या आणि निम्म्या 'बाजार' दराच्या असतील, अशी विभागणी त्यात सुचविण्यात आली. डॉक्टरांची कमतरता भरून काढणे हा हेतू आयोगाने सांगितला, तर जनआरोग्य क्षेत्रातील संघटनांनी त्याला विरोध केला.

जिल्हास्तरावरील अशा व्यवस्थेचे जुने उदाहरण गुजरातमध्ये आहे. २००१ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेले भूजचे जी. के. जनरल रुग्णालय पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून नव्याने बांधण्यात आले. २००९ साली ते अदानी समूहाकडे भागीदारी तत्त्वावर सोपविण्यात आले आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडण्यात आले.

साठ वर्षांचा करार म्हणजे बारा विधानसभांचा कार्यकाळ. एवढ्या अवधीत जिल्ह्याची लोकसंख्या, आजारांचे स्वरूप आणि उपचारांचे तंत्र सर्वच बदलते. म्हणूनच ठरावीक वर्षांनी फेरआढावा घेण्याची तरतूद अशा करारांत निर्णायक ठरते.

देखरेखीची अडचण

या चर्चेत एक विसंगती अनेकदा नजरेआड होते. रुग्णालय चालविण्याची क्षमता कमी पडते म्हणून शासन ते बाहेर सोपविते. परंतु करारावर देखरेख करण्यासाठीही क्षमता लागते. नोंदी तपासणारे डॉक्टर, हिशेब पाहणारे लेखापाल, करार वाचू शकणारे विधिज्ञ आणि अचानक भेट देऊन खाटा मोजणारा अधिकारी यांची गरज असते. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयावर हे काम अतिरिक्त म्हणून टाकल्यास देखरेख कागदावरच राहण्याचा संभव असतो.

सेवा विकत घेण्याच्या पद्धतीतही हीच अडचण येते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२३ साली संसदेत सादर झालेल्या अहवालात जन आरोग्य योजनेतील नोंदींवर बोट ठेवले. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. लाभार्थ्याची ओळख पटविण्यात या क्रमांकाचा वापर होत नाही, असा खुलासा योजनेच्या यंत्रणेने केला.

माहितीच्या अधिकाराचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. २००५ च्या कायद्यानुसार शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संस्थाही या अधिकाराच्या कक्षेत येऊ शकतात. तथापि खासगी चालकाच्या बाबतीत 'भरीव' कशास म्हणावे, यावर वाद होतो आणि व्यावसायिक गोपनीयतेचे कारण देऊन माहिती नाकारली जाऊ शकते. शासनाशी झालेला करार, दिलेली रक्कम आणि तपासणीचे अहवाल हे दस्तऐवज मात्र शासकीय विभागाकडेच असतात आणि नागरिकांना ते तेथून मागता येतात. ते मागण्याची वेळ न येता संबंधित विभागाने आपणहून प्रसिद्ध करावेत, अशी अपेक्षा याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे.

कोणते प्रश्न विचारावेत?

आपल्या जिल्ह्यातील रुग्णालय किंवा एखादी सेवा बाहेर सोपविण्याचा प्रस्ताव आल्यास नागरिक, लोकप्रतिनिधी आणि पत्रकार यांना पुढील मुद्द्यांवर माहिती मागता येईल.

- विनामूल्य उपचार कोणाला मिळणार आणि त्यासाठी कोणता पुरावा लागणार? औषधे, तपासण्या आणि शस्त्रक्रियेचे साहित्य त्यात धरले आहे का?
- चालकाला पैसे प्रत्येक उपचारामागे मिळणार, ठोक मिळणार की लोकसंख्येच्या आधारे? रुग्णांची संख्या वाढल्यास जादा भार कोण उचलणार?
- सध्याचे कर्मचारी आणि प्रशिक्षणार्थी यांचे काय होणार?
- साथीचे रोग, अपघात, विषबाधा, शवविच्छेदन यांसारखी नफा न देणारी कामे कोण करणार?
- रिकाम्या विनामूल्य खाटांची संख्या रोज जाहीर होणार का? तक्रार कोणाकडे करावयाची आणि ती किती दिवसांत निकाली निघणार?
- अटींचा भंग झाल्यास दंड किती आणि तो लावणार कोण?
- चालक मध्येच बाहेर पडला किंवा दिवाळखोरीत गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालय कोण उघडणार?

यातील शेवटचा प्रश्न करारावर सही करताना दूरचा वाटतो. हिंचिंगब्रुक, मासेरू आणि मरोळ येथे तो काही वर्षांतच प्रत्यक्षात उभा राहिला. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच होते: सार्वजनिक यंत्रणेलाच पुढे यावे लागले.

जिल्हा रुग्णालयाच्या दारात येणाऱ्या रुग्णाला आतला डॉक्टर कोणाच्या वेतनावर आहे हे माहीत नसते आणि ते माहीत असण्याची आवश्यकताही नाही. खाट मिळेल का, औषध बाहेरून आणावे लागेल का आणि घरी परतताना किती पैसे भरावे लागतील, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. कोणत्याही कराराची परीक्षा याच तीन प्रश्नांवर व्हावयास हवी.